थांबलेली वाणी : केडगावचे उज्जीवन आणि पंडिता रमाबाईंची चरित्रे

१

पंडिता रमाबाईंविषयीचे चरित्रात्मक लेखन वाचणाऱ्याला बहुधा दोन रमाबाई भेटतात. पहिल्या रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही बिरुदे मिळतात. १८८२ मध्ये त्या पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना करतात, हंटर आयोगापुढे साक्ष देतात आणि 'स्त्रीधर्मनीति' लिहितात. इंग्लंडला जाऊन १८८३ च्या सप्टेंबरात त्या बाप्तिस्मा घेतात, पुढे अमेरिकेत तेथील लोकस्थिती डोळसपणे न्याहाळतात आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू करतात. दुसऱ्या रमाबाई केडगावच्या. दुष्काळातून वाचवलेल्या मुलींचा मोठा आश्रम त्या चालवतात, प्रार्थना करतात, बायबलाचे भाषांतर करतात आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवतात. पहिल्या रमाबाईंसाठी चरित्रकाराजवळ विशेषणांचा साठा असतो. दुसऱ्यांसाठी तो आदराने, पण थोडक्यात, काही परिच्छेद खर्ची घालतो.

या दोन रमाबाईंमधील सांधा कोठे आहे, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही. १८९३ साली शारदासदनातील धर्मांतराच्या वादातून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली आणि सुधारणावादी महाराष्ट्राशी रमाबाईंचे नाते तुटले, हा नेहमीचा खुलासा. तो चुकीचा नाही. मात्र तो महाराष्ट्राने रमाबाईंना कसे दूर केले एवढेच सांगतो. दूर गेलेल्या रमाबाई कोण झाल्या, हे त्यातून कळत नाही. त्यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत विलक्षण घटना म्हणजे १९०५ सालचे केडगाव येथील उज्जीवन. ख्रिस्ती मराठीत त्याला 'संजीवन' असेही म्हणतात. ही घटना चरित्रवाङ्मयात जवळजवळ निराकार राहिली आहे. तिची मीमांसा करताना रमाबाईंच्या व्यक्तित्वाबरोबर चरित्र या वाङ्मयप्रकाराच्या मर्यादांचाही विचार करावा लागतो.

२

घटनेचा सांगाडा असा. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांत, गुजरात आदी भागांतून अनाथ मुली आणि विधवा आणल्या. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगावला त्यांनी जमीन घेतली होती. तेथे उभ्या राहिलेल्या मुक्तिसदनात १९०० च्या सुमारास जवळपास २,००० जीव राहत होते. १९०४ मध्ये वेल्समध्ये उज्जीवनाची लाट उठली. तिची वार्ता आल्यावर १९०५ च्या जानेवारीपासून रमाबाईंनी विशेष प्रार्थनेचा प्रघात पाडला. आरंभी सुमारे ७० जणी रोज एकत्र येत. जूनपर्यंत ही संख्या ५०० च्या पुढे गेली. जूनच्या अखेरीस जे घडले, त्याचे दोन प्रसंग मिनी एब्रम्स या अमेरिकन सहकारिणीच्या आणि हेलन डायर यांच्या वृत्तान्तांतून पुढे आले आहेत.

पहिला प्रसंग २९ जूनच्या पहाटेचा. एक मुलगी प्रार्थना करता करता आक्रंदू लागली. तिला ज्वाळांनी वेढल्याचे तिच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला दिसले. ती बाई धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि पाणी ओतण्याच्या बेतात असताना मुलगी जळत नाही हे तिच्या ध्यानी आले. दुसरा प्रसंग ३० जूनचा. रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून देत होत्या. एकाएकी मुली मोठ्याने, सर्वजणी एकाच वेळी, प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना आपले बोलणे थांबवावे लागले.

हे दोन्ही प्रसंग भाविक वाचकासाठी चमत्काराचे आणि संशयी वाचकासाठी सामूहिक उन्मादाचे असतात. या दोन प्रतिक्रियांच्या गदारोळात त्यांची कथनरचना मात्र दुर्लक्षित राहते. उज्जीवनाच्या या आद्यकथेत नेता कोठे आहे? पहिल्या प्रसंगात रमाबाई नाहीतच. तेथे एक अनाम मुलगी आहे, एक घाबरलेली बाई आहे आणि एक बादली आहे. दुसऱ्या प्रसंगात रमाबाई आहेत, पण त्यांची एकमेव लक्षणीय कृती म्हणजे गप्प होणे. वेल्समधील उज्जीवनाची कथा इव्हान रॉबर्ट्स या तरुण उपदेशकाभोवती फिरते. केडगावच्या कथेला असा मध्यवर्ती पुरुष नाही आणि, नीट पाहता, मध्यवर्ती स्त्रीही नाही.

शांत होणारी ही स्त्री कोण होती, हे लक्षात घेतले म्हणजे प्रसंगाचे वजन कळते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, त्यासाठी रोष पत्करला आणि गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड केले. तेथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. आईच्या मुखातून त्यांनी भागवत कंठस्थ केले. तीर्थयात्रेत पुराणे सांगून हे कुटुंब चरितार्थ चालवी. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील दगावल्यावरही बहीणभाऊ पुराणे सांगत देशभर पायी हिंडले. कलकत्त्याच्या पंडितांसमोर त्या उभ्या राहिल्या त्या वाणीच्या बळावर. पुण्यात, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत त्यांची ओळख वक्त्या म्हणूनच होती. ४७ वर्षांच्या अशा स्त्रीने दुष्काळातून आलेल्या मुलींच्या कोलाहलापुढे आपले विवेचन आवरते घेतले आणि त्या कोलाहलाला आडकाठी केली नाही. हा तिच्या चरित्रातील निर्णायक क्षण मानावयास हवा. तिला बोलणे थांबवावे लागले, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी तिने शिस्तीचा हुकूम काढला नाही. प्रसंगाने लादलेल्या मौनाला तिने आपली संमती दिली.

वाचनासाठी निवडलेला अध्यायही अर्थशून्य नव्हे. दगडमाराला उभी केलेली स्त्री आणि तिला दोषी न ठरवणारा येशू यांच्या प्रसंगापासून हा अध्याय सुरू होतो. सत्य माणसाला बंधमुक्त करते, हे वचनही त्याच अध्यायात येते. आश्रमाचे नाव मुक्ती होते आणि समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी तेथे कृपासदन होते. या मुलींना तो अध्याय परका वाटण्याचे कारण नव्हते.

३

या मौनाची पूर्वतयारी रमाबाईंच्या स्वतःच्या लेखनात सापडते. १९०७ साली त्यांनी लिहिलेले साक्षलेखन मराठी वाचकाला 'माझी साक्ष' म्हणून परिचित आहे. त्यात त्या १८८३ च्या बाप्तिस्म्याला आपल्या अंतिम परिवर्तनाचे स्थान देत नाहीत. शास्त्रग्रंथ वाचताना स्त्रीची निंदा आणि तिला मोक्षाचा नकार या दोनच बाबतींत सर्व ग्रंथांचे एकमत आढळले, असे त्या आधी सांगतात. पुढे, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालेला नाही, असा बोध झाल्याचे नमूद करतात. धर्मांतराच्या इतिहासाला हे विधान अडचणीचे आहे. सुधारक आणि सनातनी या दोघांनाही १८८३ हे वर्षच महत्त्वाचे वाटले. रमाबाईंच्या लेखी तो केवळ बुद्धीचा कौल होता.

मीरा कोसंबी, उमा चक्रवर्ती आणि गौरी विश्वनाथन यांच्या अभ्यासांनी रमाबाईंच्या बुद्धिनिष्ठ बंडखोरीला न्याय दिला आहे. चक्रवर्ती आणि विश्वनाथन यांचे ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९७७ मध्ये, अ. भि. शहा यांनी संपादित केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार उपलब्ध झाला होता. त्यातून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी घातलेला वाद समोर आला. एका पुरोहितवर्गाचे जू झुगारल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जू मानेवर घेण्यास रमाबाईंनी दिलेला नकार आज स्त्रीवादी विचाराचा मौल्यवान ठेवा मानला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु या अभ्यासांचा भर प्रामुख्याने वाद घालणाऱ्या रमाबाईंवर आहे. गुडघे टेकणाऱ्या रमाबाईंजवळ आल्यावर स्त्रीवादी विवेचनाची गती मंदावते. जणू पहिलीचे स्वातंत्र्य दुसरीने गमावले.

वस्तुस्थिती निराळी दिसते. एकाच वेळी मोठ्याने होणारी प्रार्थना, अश्रू, शरीरकंप, आणि १९०६ च्या अखेरीस ऐकू आलेले अन्य भाषांतील उच्चार यांवर पाश्चात्त्य ख्रिस्ती वर्तुळांतून टीका झाली. रमाबाईंनी तिला 'मुक्ति प्रेअर बेल' या आपल्या पत्रिकेतून उत्तर दिले. त्याचा आशय असा की, पवित्र आत्म्याने इतर देशांतील लोकांत आपल्या इच्छेने कार्य केले, तर भारतीयांमध्ये कार्य करताना त्याला पाश्चात्त्य शिष्टाचाराची परवानगी कशासाठी लागावी? हा युक्तिवाद जेराल्डीनबाईंना लिहिलेल्या पत्रांतील युक्तिवादाचाच पुढचा टप्पा आहे. १८८५ च्या सुमारास त्या स्वतःच्या विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी भांडत होत्या. १९०७ साली त्या निरक्षर मुलींच्या आक्रंदनाच्या स्वातंत्र्यासाठी भांडत आहेत. बंडखोरी मावळली नाही. तिचा विषय 'मी' कडून 'त्या' कडे सरकला.

४

या आक्रंदनाकडे पाहण्यासाठी मराठी समीक्षेला परकी परिभाषा उसनी आणण्याची गरज नव्हती. केडगावचा लोहमार्ग ज्या सोलापूरकडे जातो, त्याच जिल्ह्यात पंढरपूर आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे अष्टसात्त्विक भाव भक्तिविचाराने मान्य केलेले आहेत. कीर्तनात कंठ दाटून येणे, वाळवंटात देहभान हरपणे यांना पंढरपुरात कोणी उन्माद म्हणत नाही. हेच अनुभव केडगावात आले तेव्हा मिशनरींनी त्यांना असभ्य मानले आणि सुधारकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. एकाच दुष्काळी पट्ट्यात, चंद्रभागेच्या वाळवंटात भाव आणि केडगावच्या प्रार्थनागृहात विकार, ही वर्गवारी कशाच्या आधारे केली गेली, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

मात्र हे साम्य रमाबाईंनी स्वतः मान्य केले नसते, हेही विसरता येत नाही. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ही रूपे ख्रिस्ती भक्तीसाठी निःसंकोच स्वीकारली. १९१७ साली 'देवाचा दरबार' स्थापन करून त्यांनी चर्चच्या चौकटीबाहेरची बंधुता उभारण्याचा यत्न केला. टिळकांना तुकोबा हा ख्रिस्ताकडे नेणारा सेतू वाटला. रमाबाईंना तो मार्ग मानवणारा नव्हता. पुराणे सांगत फिरलेल्या आणि तीर्थोतीर्थी उपवास घडलेल्या मुलीला तीर्थांचे ऋण मानणे शक्य नव्हते. त्या परंपरेत तिचे आईवडील उपाशी मेले होते. दोघेही मराठी ख्रिस्ती परंपरेचे स्तंभ. पण टिळकांचे ख्रिस्तीपण स्मृतीशी जुळवून घेते, तर रमाबाईंचे स्मृतीशी झगडते. तरीही केडगावच्या मुलींच्या देहांनी जी भाषा उच्चारली, ती रमाबाईंच्या संमतीची वाट न पाहता याच भूमीतील होती. नेत्याच्या तत्त्वज्ञानाला ओलांडून अनुयायांचा आविष्कार पुढे जातो, हे उज्जीवनाचे एक लक्षण म्हणता येईल.

येथे एक कठोर प्रश्न टाळता येत नाही. ज्या हाताने भाकरी दिली, त्याच हाताने प्रार्थनेला बोलावले. घर, गाव, आप्त सर्व गमावलेल्या मुलीची श्रद्धा कितपत तिची स्वतःची मानावी? सनातन्यांनी हा प्रश्न द्वेषाने विचारला, म्हणून तो रद्द होत नाही. दुष्काळ हा सोलापूर–नगर पट्ट्यातील वाचकासाठी इतिहासाच्या पुस्तकातला विषय नाही. अन्न आणि आज्ञा यांचे नाते तो जाणतो. पंढरपूरला प्रार्थनासमाजाच्या प्रेरणेने १८७५ पासून चाललेल्या बालकाश्रमातही निराधार बायका आणि टाकलेली मुले आश्रयाला येत. तेथेही आश्रयदात्याचे मूल्यविश्व आश्रितांवर पडत असणार. आश्रय आणि सत्ता यांची गाठ केवळ मिशनच्या आवारात पडते असे नाही. जोतीराव फुले यांनी १८८५ मधील 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेतली, ती शास्त्रप्रामाण्याखालील स्त्रीची कोंडी ओळखून. रमाबाईंवर धर्मांतराचा ठपका ठेवणाऱ्यांनी या मुलींसाठी दुसरे कोणते दार उघडले होते, हा प्रतिप्रश्न आजही अनुत्तरित आहे.

तरीही प्रतिप्रश्न हे उत्तर नव्हे. उत्तर फक्त त्या मुलींजवळ होते, आणि त्यांचे शब्द उपलब्ध वाङ्मयात नाहीत. ही केडगावच्या उज्जीवनाच्या वाङ्मयीन इतिहासातील मूलभूत उणीव आहे. प्रार्थना झाली ती प्रामुख्याने देशी भाषांत. तिचा वृत्तान्त लिहिला गेला इंग्रजीत, बराचसा परदेशी सहानुभूतिदारांसाठी. डायर यांनी रमाबाईंचे चरित्र १९०० मध्येच लिहिले होते. उज्जीवनासाठी त्यांना १९०७ साली 'रिव्हायव्हल इन इंडिया' हे वेगळे पुस्तक लिहावे लागले. चरित्र आणि उज्जीवन यांची फारकत अशी आरंभापासूनच झाली. पुढे निकोल मॅक्निकल यांच्या १९२६ मधील चरित्राला आधुनिक भारताच्या शिल्पकारांच्या मालिकेत जागा मिळाली. देवदत्त नारायण टिळकांनी १९६० साली 'महाराष्ट्राची तेजस्विनी' असे शीर्षक योजून रमाबाईंवर महाराष्ट्राचा हक्क सांगितला. ही दोन्ही नामकरणे समजण्यासारखी आहेत. बहिष्कृत ठरवलेल्या व्यक्तीला राष्ट्राच्या आणि प्रांताच्या पंक्तीत बसवणे हे त्या काळी आवश्यक काम होते. पण शिल्पकार आणि तेजस्विनी या दोन्ही प्रतिमा एका व्यक्तीवर प्रकाश टाकतात. १९०५ च्या जूनमधील प्रकाश इतरत्र पडला होता. मराठी चरित्रकार जेव्हा हा प्रसंग मराठीत आणतो, तेव्हा तो वस्तुतः मराठी आक्रंदनाच्या इंग्रजी वृत्तान्ताचे मराठी भाषांतर करीत असतो. या दोन गाळण्यांतून मुलीचा आवाज पुरता गाळला जातो.

५

रमाबाईंनी या उणिवेला एक उत्तर दिले. ते चरित्रात नाही, भाषांतरात आहे. बायबलाचे संपूर्ण मराठी भाषांतर त्यांनी याच काळात हाती घेतले आणि आयुष्याच्या अखेरच्या दिवसांपर्यंत ते चालवले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी बायबलाची भाषा संस्कृतप्रचुर आहे, सामान्य स्त्रीला ती कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. हिंदू धर्मग्रंथांचा वास असलेले शब्दही त्यांना टाळावयाचे होते. भाषांतराचे जुळणीकाम आणि छपाई केडगावच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केली. रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, ग्रंथ बाहेर पडला.

वाङ्मयीन गुणवत्तेच्या निकषावर या भाषांतराची चर्चा अनेक अंगांनी करता येईल. साधेपणाच्या आग्रहापायी लय आणि गांभीर्य हरवण्याचा धोका असतो. संस्कारांनी भारलेले शब्द काढून टाकले म्हणजे भाषा निर्दोष होते, या गृहीतकालाही आव्हान देता येईल, कारण शब्द रिकामे करता येत नाहीत. पण या उपक्रमामागील प्रेरणा उज्जीवनाच्या प्रेरणेहून वेगळी नाही. 'सरस्वती' या बिरुदाने गौरवलेल्या विदुषीने आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथात संस्कृत बाजूला ठेवले. ३० जून १९०५ रोजी जे बोलणे थांबले, ते सतरा वर्षे चाललेल्या भाषांतरात दुसऱ्यांच्या मुखात बसेल अशा भाषेचा शोध बनले. वाणीचा त्याग करणारी स्त्री भाषेचा त्याग करीत नाही. ती भाषा हस्तांतरित करते. ज्यांच्या हातांनी खिळे जुळवले, त्या स्त्रियांपैकी अनेकींना काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नव्हती.

या हस्तांतरणाचे पडसाद केडगावबाहेरही उमटले. मुलींच्या टोळ्या शुभवर्तमान सांगत गावोगाव गेल्या. एब्रम्स यांनी १९०६ मध्ये लिहिलेली पुस्तिका चिलीतील वॅलपरायझो येथे हूव्हर दांपत्याच्या हाती पडली आणि १९०९ मध्ये तेथे उठलेल्या चळवळीला चालना देणाऱ्या गोष्टींत तिची गणना होते. ॲलन अँडरसन यांच्यासारख्या इतिहासकारांनी केडगावच्या घटनेला जागतिक पेंटेकोस्ट चळवळीच्या उगमांमध्ये स्थान दिले आहे. लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरील सभा १९०६ च्या आहेत, केडगावची घटना त्याआधीची. जगाच्या ख्रिस्ती इतिहासात ज्या मराठी खेड्याचा उल्लेख होतो, त्याची नोंद मराठी वाङ्मयेतिहासात मात्र एका सुधारक स्त्रीचे निवृत्तिस्थान अशीच राहावी, हा विपर्यास आहे.

उज्जीवनाच्या नेत्याचे चरित्र लिहिणे म्हणूनच अवघड असते. चरित्र नायकाच्या कृतींचा पाठलाग करते. उज्जीवनात मात्र नायकाची महत्ता त्याने स्वतः मागे सरून मोकळ्या ठेवलेल्या जागेत असते. रमाबाईंच्या बाबतीत ही जागा मोकळी सोडण्यामागे दुर्बलता, थकवा किंवा पराभव होता असे मानण्यास आधार नाही. त्यानंतरही त्या संस्था चालवत होत्या. मुलगी मनोरमा त्यांच्याबरोबर काम करीत होती. निजामाच्या राज्यात, केडगावहून सोलापूरमार्गे त्याच लोहमार्गावर लागणाऱ्या गुलबर्ग्यासही शाळा निघाली. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमेचा मृत्यू झाला, आणि त्यानंतरच्या अवघ्या काही महिन्यांत रमाबाईंनी भाषांतराचे काम शेवटास नेले. हा क्रम विरक्त निवृत्तीचा नव्हे.

दोन रमाबाईंना जोडणारा सांधा शोधावयाचा असेल, तर तो धर्मांतराच्या तारखेत सापडणार नाही. शास्त्रांनी स्त्रीला बोलू दिले नाही, म्हणून एक मुलगी बोलू लागली. पुढे जिला कोणी बोलू दिले नव्हते अशी दुसरी मुलगी बोलू लागली, तेव्हा पहिलीने आपले बोलणे आवरले. चरित्रकारांनी पहिल्या मुलीचा शब्द न शब्द जपला आहे. दुसरीचे नावदेखील बहुतेक वृत्तान्तांनी जपलेले नाही. केडगावच्या स्त्रियांच्या कुटुंबांतील मौखिक आठवणी, त्यांच्या वंशजांच्या घरांतील साक्षी, छापखान्यातील नोंदी यांकडे मराठीच्या अभ्यासकांनी वळावयास हवे. ते झाल्याशिवाय रमाबाईंचे चरित्र पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.